रवंथी नेमकं कोणाला म्हणायचं?

दुपारी दावणीला निवांत बसलेल्या गाईच्या गळ्याकडे डाव्या बाजूनं बघा. आधी एक खोल श्वास घेतल्यासारखी छाती हलते, मग मानेच्या मुळापासून एक गोळा कातडीखालून सरसर वर चढतो. तोंडात आल्याबरोबर गाय त्यातलं पाणी पिळून गिळून टाकते आणि जबडा सुरू होतो. तो नुसता वर-खाली होत नाही, एका बाजूला सरकत आडवा फिरतो, जात्याच्या पाळीसारखा. चाळीस ते सत्तर वेळा चावून झालं की गोळा खाली उतरतो, तीन-चार सेकंद तोंड थांबतं आणि पुढचा गोळा वर येतो. एका गोळ्याला साधारण एक मिनिट लागतं. दिवस-रात्र मिळून हे काम सहा ते आठ तास चालतं, त्यातलं बरंचसं रात्री, गोठा शांत झाल्यावर.

हा रवंथ, आणि तो करणारं जनावर रवंथी. शब्द घरोघरी माहीत आहे, पण वापरताना फार सैल झाला आहे. चारा खातं ते रवंथी, खूर असतात ते रवंथी, चार पोटं असतात ते रवंथी, अशा तिन्ही व्याख्या कानावर येतात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. चूक नुसत्या शब्दाची असती तर सोडून देता आली असती. पण गोठ्यातली कितीतरी पोटाची दुखणी याच गैरसमजातून येतात, म्हणून हे विशेषण नीट उलगडून बघायला हवं.

आधी शब्द. संस्कृतात तो रोमन्थ असा आहे. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, तसाच इथला म जाऊन व आला आणि रवंथ झाला. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात या शब्दापासून क्रियापद बनवायचं सूत्र आहे. गाय रवंथ करते याला तिथे ‘रोमन्थायते’ असं एकच पद मिळतं. त्यावरच्या वार्तिकात एक अट घातलेली आहे: ‘हनुचलन’, म्हणजे जबडा हलला पाहिजे. ही अट का, तर कीटकही रोमन्थ फिरवतो, शेणाचा गोळा लोटत नेतो, पण त्याला ‘रोमन्थायते’ म्हणायचं नाही. व्याकरणकारांनी प्राण्याची क्रिया किती बारकाईनं पाहिली होती ते यात दिसतं. आजच्या प्राणिशास्त्राची व्याख्याही याच वाटेनं जाते, फक्त तिथे जबड्याच्या आधीच्या दोन पायऱ्याही मोजतात.

त्या पायऱ्या अशा. खाल्लेला चारा खऱ्या जठरात पोचण्याआधी पुढच्या मोठ्या कप्प्यात जीवाणूंकडून आंबवला जातो. त्यातला जाडाभरडा भाग परत तोंडात आणला जातो. आणि तो पुन्हा चावून बारीक केला जातो. आंबवणं, परत आणणं, पुन्हा चावणं, या तिन्ही गोष्टी ज्याच्यात आहेत तोच रवंथी. यातली एक जरी नसली तरी विशेषण लागू होत नाही.

आता ही कसोटी आपल्या भागातल्या जनावरांना लावू. मेंढरांचा कळप घेऊन माणदेशातून खाली उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यात मेंढरं, शेळ्या आणि सामान वाहायला घोडी असतात. तिघंही त्याच माळावरचं गवत खातात. मेंढरू आणि शेळी रवंथी, घोडी नाही. घोडीचं पोट साधं, एका कप्प्याचं. तिच्यातही चारा आंबतो, पण जठराच्या आणि लहान आतड्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात. तिथून तो परत तोंडात यायची सोय नाही, म्हणून घोडी जे काय चावायचं ते पहिल्याच खेपेला चावते आणि तिला वरचे-खालचे दोन्ही पुढचे दात असतात. हत्तीचं पोटही याच पद्धतीचं.

आपल्या भाषेनं हा फरक फार पूर्वी टिपला आहे. गाईम्हशीचं ते शेण, घोड्या-गाढवाची आणि हत्तीची ती लीद. नावं वेगळी आहेत कारण माल वेगळा आहे. निरोगी गाईचं ओलं शेण बोटांत चोळलं तर मऊ लागतं, अखंड काडी सापडत नाही. लीद मोडली की आत गवताच्या काड्या सरळ दिसतात. एकच गवत, पण एकानं दोनदा दळलं आणि दुसऱ्यानं एकदाच. हाच फरक तपासणीला वापरता येतो: मूठभर शेण पिठाच्या चाळणीत घेऊन पाण्याच्या धारेखाली धुवा. चाळणीत सेंटिमीटरपेक्षा लांब काड्या किंवा अख्खे मक्याचे दाणे उरत असतील तर त्या जनावराचा रवंथ कमी पडतो आहे किंवा चारा पोटात पुरेसा थांबत नाही. एकदाच पाहून ठरवू नका, चार-पाच जनावरांचं शेण धुऊन बघा.

ससा रवंथी नाही. त्याचं तोंड सतत हलत असतं, त्यावरून फसायला होतं. तो चारा परत तोंडात आणत नाही. आंधळ्या आतड्यात आंबलेल्या मऊ लेंड्या तो गुदद्वाराशीच तोंड नेऊन थेट खातो आणि अशा रीतीनं दुसऱ्यांदा पचवतो. ससेपालन करणाऱ्यांनी ही मऊ लेंडी खाणं म्हणजे रोग समजू नये.

वानराचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. काळ्या तोंडाच्या वानराचं जठर कप्प्याकप्प्यांचं असतं आणि त्यात पाला जीवाणूंकडून आंबतो. म्हणजे पहिली पायरी आहे, पण आंबलेलं परत चावायची पद्धत नाही, म्हणून तो रवंथी नाही. (बोर्निओतल्या लांब नाकाच्या माकडांमध्ये खाल्लेलं तोंडात आणून पुन्हा चावण्याची नोंद २०११ मध्ये झाली, पण तेवढ्यानं त्यांना कोणी रवंथी गणात घातलेलं नाही.) सज्जनगडावर, महाबळेश्वरच्या रस्त्यावर वानरांना बिस्किटं, पाव, पेढे देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ते पोट पाला आंबवायला बनलेलं आहे, मैदा नि साखर आंबवायला नाही.

डुकराचे खूर गाईसारखेच दुभंगलेले. म्हणून दोघंही समखुरी गणात येतात, पण डुकराचं पोट साधं आहे आणि ते रवंथ करत नाही. पाणघोड्याच्या जठराला तीन कप्पे असूनही तो रवंथ करत नाही. खूर आणि कप्पे यांवर विसंबलं की असं होतं.

इथे शास्त्रातला एक पेच येतो. ‘रवंथी’ हे विशेषण प्राणिशास्त्र दोन अर्थांनी वापरतं, आणि पाठ्यपुस्तकं हे दोन अर्थ वेगळे करून सांगत नाहीत. एक अर्थ क्रियेचा: जो रवंथ करतो तो. दुसरा वंशाचा: समखुरी गणातला रुमिनँशिया हा उपगण. या उपगणात सहा कुळं आहेत: गाय-म्हैस-शेळी-मेंढी-कुरंगांचं, हरणांचं, जिराफाचं, कस्तुरीमृगाचं, अमेरिकेतल्या प्राँगहॉर्नचं आणि पिसोरी या लहानशा हरणासारख्या प्राण्याचं. जातींची संख्या दोनशेच्या आसपास. उंट रवंथ करतो, म्हणजे क्रियेनं तो रवंथी आहे, पण वंशानं नाही. त्याचा उपगण टायलोपोडा वेगळा, त्याच्या जठराचे कप्पे तीन, आणि पुढे वरच्या जबड्यात त्याला सुळ्यासारखे दात असतात. रवंथाची युक्ती दोन वंशांनी स्वतंत्रपणे साधली असं यावरून मानतात. म्हणून लिहिताना ‘उंट हा रवंथ करणारा प्राणी आहे’ हे बरोबर आणि ‘उंट रवंथी उपगणात येतो’ हे चूक. एवढा फरक सांभाळला तर पुढचा गोंधळ टळतो.

चार पोटांचं तेच. गाईला पोट एकच, त्याचे कप्पे चार. गोठ्याच्या भाषेत कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचं खरं पोट. मोठ्या गाईत कोटीपोट एकटंच सगळ्या जागेतला जवळजवळ ऐंशी टक्के भाग घेतं, पोटाची डावी बाजू सगळी त्याचीच. जाळीपोट पाच टक्क्यांच्या आसपास, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या आतल्या जाळीमुळे ते नाव. पडदेपोटात वहीच्या पानांसारखे पडदे असतात, तिथे पाणी शोषलं जातं. आपल्या जठराशी तुलना करण्याजोगं, आम्ल आणि पाचकरस सोडणारं फक्त चौथं. आणि चार हा आकडाही कायमचा नाही. आपल्या सह्याद्रीच्या दाट जंगलात राहणारी पिसोरी, सशापेक्षा थोडी मोठी, शिंगं नसलेली, नराला वरचे सुळे असलेली, वंशानंही रवंथी आणि क्रियेनंही. पण तिचं पडदेपोट वाढलेलंच नसतं, कप्पे तीन. ‘चार पोटं’ ही व्याख्या केली तर पिसोरी बाहेर जाते.

वासरू हा तर या विशेषणाचा सगळ्यांत मोठा अपवाद, आणि तो रोज डोळ्यांसमोर असतो. जन्मल्यावर वासराचं कोटीपोट लहान, पातळ आणि निकामी असतं; साधारण साठ टक्के जागा खऱ्या पोटाची असते. वासरू दूध ओढतं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाला असलेली एक घळ दोन्ही कडा जुळवून नळी बनते आणि दूध कोटीपोट टाळून सरळ चौथ्या कप्प्यात जातं. ही घळ चोखण्यानं मिटते. बादलीत तोंड बुडवून घटाघटा, मान खाली घालून प्यायला लावलं किंवा बाटलीनं जबरदस्तीनं ओतलं तर ती नीट मिटत नाही, दूध कोटीपोटात पडतं आणि कुजतं. मग पोट डमरतं, पांढरट जुलाब लागतात, वासरू वाढत नाही. सडाच्या उंचीला बांधलेलं निपल आणि अंगाइतपत कोमट दूध, यानं हे बरंचसं टळतं.

वासरू रवंथी होतं ते खाण्यानं, वयानं नव्हे. दुसऱ्या आठवड्यापासून चिमूटभर वासरांचं खाद्य तोंडाला लावायचं, शेजारी स्वच्छ पाणी ठेवायचं. दाणा आंबून जी आम्लं तयार होतात त्यांनी कोटीपोटाच्या आतले केसाळ उंचवटे वाढतात. वाळलेल्या चाऱ्यानं कप्पा ताणला जाऊन त्याचा आकार वाढतो. दोन्ही लागतं. नुसत्या दुधावर तीन महिने ठेवलेलं वासरू अंगानं चकचकीत दिसतं, पण दूध तोडलं की मागे पडतं, कारण तोवर ते रवंथी झालेलंच नसतं.

आता मुख्य गोष्ट. रवंथी जनावराला आपण चारा घालतो तेव्हा आपण आधी जीवाणूंना जेवू घालतो. मोठ्या गाईच्या पुढच्या कप्प्यांत शंभर ते दोनशे लिटर माल मावतो आणि त्यातल्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जीवाणू असतात. काडीतला जो तंतू कोणताच पृष्ठवंशी प्राणी स्वतः पचवू शकत नाही तो हे जीवाणू आंबवतात. त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाईची सत्तर टक्क्यांच्या आसपास ऊर्जा भागते. शेवटी पुढे सरकलेले जीवाणू चौथ्या कप्प्यात मरतात आणि गाय तेच प्रथिन म्हणून पचवते. आणि खाताना नि रवंथ करताना जी लाळ सुटते, दिवसाला शंभर ते दीडशे लिटर, तिच्यात खायच्या सोड्याचाच क्षार असतो. ती कोटीपोटातलं आम्ल मारते. पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) सहा ते सातच्या दरम्यान राहिला तर तंतू फोडणारे जीवाणू जगतात. साडेपाचच्या खाली घसरला की ते मरायला लागतात. म्हणजे रवंथ हे नुसतं दळण नाही, ती लाळ घालायची पद्धतही आहे. चारा टोचणारा नसेल तर रवंथ होत नाही, रवंथ नाही तर लाळ नाही, लाळ नाही तर आम्ल चढतं.

म्हणून आपल्याकडे बेंदराला होणारं नुकसान टाळण्यासारखं आहे. बैलाला मायेनं पुरणपोळी, कणकेचे गोळे, बाजरीचं पीठ भरवायचं. लग्नाघरचा उरलेला भात नि जिलेबी म्हशीपुढे ओतायची. माया खरी आहे, पण सवय नसलेल्या पोटात एकदम इतका पिठाचा माल गेला की आम्ल करणारे जीवाणू काही तासांत बेसुमार वाढतात. जनावर खाणं सोडतं, रवंथ बंद पडतो, शेण पातळ, आंबूस आणि फेसाळ येतं, डोळे खोल जातात, पाय अडखळतात. जड प्रकारात दोन दिवसांत दगावतं. सुरुवातीलाच लक्षात आलं तर दाणा पूर्ण बंद, फक्त वाळका कडबा पुढे, आणि मोठ्या जनावराला शंभर ते दीडशे ग्रॅम खायचा सोडा पाण्यात कालवून सावकाश. पण मान वर ताणून ओतू नका, पाणी फुप्फुसात जातं. उभं राहता येत नसेल तर घरचे उपाय बाजूला ठेवून ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवा. सणाला एक पोळी मोडून चार जनावरांत वाटली तर मान राखला जातो आणि पोटही.

रोजच्या दुभत्या जनावरात हेच सावकाश होतं आणि ते डेअरीच्या काट्यावर कळतं. मुरघास आणि पेंड भरपूर, कडबा नावाला, कुट्टी यंत्रातून चारा पिठासारखा बारीक निघालेला. अशा गाईचं दूध वाढतं पण फॅट ३.५ च्या खाली घसरतो. दुधातल्या फॅटचा मोठा वाटा तंतू आंबून होणाऱ्या आम्लातून येतो, म्हणून चाऱ्यातला टोचणारा भाग गेला की फॅट जातो. लोक मग पेंडेत भर घालतात, जे नेमकं उलटं आहे. कुट्टी दोन ते तीन सेंटिमीटर ठेवा, रोज काही चारा न कापता लांब घाला, आणि दाणा एका वेळी अडीच-तीन किलोपेक्षा जास्त न देता वेळा वाढवा. नवा चारा किंवा पेंड बदलायची तर आठ-दहा दिवस घ्या. जीवाणूंची वस्ती बदलायला तेवढे लागतात.

कृष्णाकाठी उसाचे वाढे हाच महिनोन्महिने मुख्य चारा असतो. वाढ्यात तंतू भरपूर, रवंथ चांगला होतो, पण प्रथिन कमी आणि ऑक्झलेट जास्त. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. नुसत्या वाढ्यावर ठेवलेली गाय व्यायल्यावर बसते, उठूच शकत नाही, त्यामागे हे एक कारण असतं. वाढ्याबरोबर थोडी डाळवर्गीय वैरण आणि मोठ्या जनावराला रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण ठेवलं पाहिजे. आणि बसलेल्या गाईला आडवी पडू देऊ नका. आडव्या रवंथी जनावराला ढेकर देता येत नाही, तासाला तीस ते पन्नास लिटर वायू तयार होतच राहतो आणि पोट फुगून छाती दाबली जाते. पोत्यांत भुसा भरून दोन्ही बाजूंना टेकू द्या आणि ती छातीवर बसलेली राहील असं बघा. जंगलात बेशुद्ध केलेल्या गव्यालाही याच कारणानं छातीवर बसवून, मान उंच पण तोंड खाली झुकेल असं धरतात.

युरियाचा विषय या विशेषणाचा सगळ्यांत व्यवहारी पुरावा आहे. शंभर किलो वाळक्या काडावर चार किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात विरघळवून थराथरानं शिंपडायचा, प्रत्येक थर तुडवून दाबायचा, वरून प्लास्टिक घट्ट झाकून एकवीस दिवस ठेवायचं. उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास जाईपर्यंत पसरून मग थोडा-थोडा चालू करायचा. कोटीपोटातले जीवाणू अमोनियापासून प्रथिन बनवतात म्हणून हे चालतं. घोड्याला चालत नाही, सहा महिन्यांखालच्या वासराला चालत नाही, कारण दोघांकडे तो कप्पाच कामाचा नसतो. इतर चुकाही ठरलेल्या: युरिया नीट विरघळला नाही आणि एका जागी खडे राहिले, पोतं उघडं राहून जनावरानं कोरडा युरिया चाटला, प्रमाण अंदाजानं वाढवलं. विषबाधा झाली तर अर्ध्या-एक तासात थरथर, लाळ आणि पोटफुगी दिसते. थंड पाणी आणि व्हिनेगर पाजतात, पण वेळ फार थोडा असतो.

पोटफुगीचं एक ठरलेलं चित्र आहे. पावसाळ्यात कोवळा लसूणघास सकाळी उपाशी पोटी सोडला की कोटीपोटात वायूचा फेस होतो, फेसातून ढेकर सुटत नाही. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा खळगा, कमरेच्या वर येते आणि टिचकी मारली तर ढोलासारखी वाजते. मोठ्या जनावराला पाव लिटर गोडंतेल आणि शेळीला पन्नास मिलिलिटर, सावकाश; तेलानं फेस मोडतो. ऊसाचा कांडका किंवा आंब्याची कोय घशात अडकली तरी पोट फुगतं, पण ते फेसानं नाही, वाट बंद झाल्यानं. तिथे तेल पाजणं म्हणजे घशात अजून भर. आधी गळा चाचपून बघा. लसूणघास कापून दोन-तीन तास सुकवून, आधी थोडा कडबा खायला घालून मग दिला तर हा प्रसंग सहसा येत नाही.

रवंथी जनावर आधी गिळतं आणि मग चावतं, याची आणखी एक किंमत आहे. चाऱ्यात आलेली तार, खिळा, सुई तोंडात निवडली जात नाही, सरळ आत जाते. जड वस्तू जाळीपोटात तळाला बसते आणि जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये फक्त पडदा असतो. आकुंचनाबरोबर तार पुढे सरकते. जनावर पाठ कमानीसारखी करतं, उतारावर जाताना कण्हतं, पुढचे कोपर अंगापासून लांब ठेवतं. गव्हाच्या पेंढ्या बांधलेली तार गव्हाणीजवळ तोडायची नाही, बांधकामाच्या जागेवरचं गवत कापायचं नाही. प्लास्टिकच्या पिशव्या कोटीपोटात गोळा होऊन राहतात, त्या पचतही नाहीत आणि पुढे सरकतही नाहीत.

जनावर बरं आहे का, याची सगळ्यांत स्वस्त तपासणी रवंथच आहे. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरा. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा आतून लाट येऊन मूठ उचलली गेली पाहिजे. गोठ्यात खाणं-पिणं उरकून बसलेल्या जनावरांपैकी निम्म्याहून जास्त तोंडं चालत असली पाहिजेत. एका गोळ्याला किती वेळा चावते ते मोजा. पंचवीस-तीसवर गिळत असेल तर चारा फार बारीक आहे. हंगामात ऊस वाहणाऱ्या बैलांना मात्र हे मोजायला उसंतच मिळत नाही. गाडी ओढताना बैल रवंथ करत नाही. वैरण खाऊन लगेच जुंपला की माल कोटीपोटात तसाच राहतो आणि पोट गच्च होतं. खाणं झाल्यावर निदान दोन तास सावलीत सोडले पाहिजेत, एवढं तरी त्यांचं देणं लागतं.

दातांकडेही बघा. खाली पुढे आठ, वर पुढे एकही नाही, तिथे कडक गादी. बाजारात खिलार पारखणारे ओठ उचलून खालचेच दात का मोजतात ते यातून कळतं. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला ही सगळी पायरी रवंथी जबड्याची आहे.

जंगलातल्या रवंथ्यांबद्दल थोडं. चांदोली आणि कोयनेच्या जंगलात गवा, सांबर, भेकर, पिसोरी आहेत. सागरेश्वरात सांबर, चितळ, काळवीट. सगळे रवंथी, पण एकाच चाऱ्याचे नाहीत. गवा मोठ्या कोटीपोटाचा, जाडंभरडं गवत पचवणारा. (त्याला गवारेडा म्हणतात, पण तो म्हशीचा नाही, गाईच्या जवळचा.) भेकर आणि पिसोरीचं कोटीपोट लहान, आंबवणं वेगानं होतं, ती कोवळी पानं, कळ्या, पडलेली फळं निवडून खातात. म्हणून जखमी भेकर सापडलं तर त्याच्यापुढे कडबा टाकून उपयोग नाही, आणि भात किंवा बिस्किटं टाकणं तर घातक. वन विभागाला कळवेपर्यंत अंधाऱ्या, शांत जागी ठेवा, पाणी आणि उंबर-बोरीसारखा ओला पाला एवढंच पुढे ठेवा.

आणि रवंथाचं एक काम जनावराच्या पोटाबाहेरही चालतं. चितळ आवळे अख्खे गिळतं आणि रवंथ करायला बसलं की कडक बिया तोंडातून टाकून देतं. माणदेशात बाभळीच्या शेंगांचं तेच. दिवसभर शेंगा खाल्लेली शेळी-मेंढी रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसून रवंथ करते. बरंचसं बी तोंडातून बाहेर पडतं, काही लेंडीतून. सकाळी वाघर उचलली की खाली ते पसरलेलं दिसतं. शेंगेतून काढलेल्या कोरड्या बियाण्यापेक्षा हे बी लवकर उगवतं, कारण वरचं टणक साल पोटातल्या ओलीनं आणि आम्लानं मऊ झालेलं असतं. गोळा करून धुवा, सावलीत वाळवा, आणि पेरायच्या आदल्या रात्री साध्या पाण्यात भिजत घाला. जे तरंगेल ते टाकून द्या. पहिला चांगला पाऊस झाल्यावर बांधाच्या कडेनं बोटभर खोल टोकलं की पुरे.